आईची पेटी फोनमध्ये मावत नाही

सांजवात

माझी आई पेटी वाजवते. कार्यक्रमात नाही, घरात, दिवेलागणीला, स्वतःसाठी. मी तिच्यापासून जवळजवळ १२,००० किलोमीटर लांब राहते. दर रविवारी आमचा कॉल असतो. माझी सकाळ, तिची संध्याकाळ. बाबा गेल्यापासून कॉलच्या शेवटी ती म्हणते, "थांब, थोडं वाजवते, ऐक." मग फोन कशाला तरी टेकवून उभा करते आणि वाजवायला बसते.

पहिला सूर स्पष्ट येतो. दोन सेकंदांत तो विरायला लागतो, कुणी बटण हळूहळू फिरवत न्यावं तसा. बोट बदललं की पुन्हा आवाज येतो, पुन्हा विरतो. ती गायला लागली की पेटी नाहीशी होते, पेटीचा जोर झाला की गळा बुडतो. एकदा पहिले तीन-चार स्वर ऐकून मला तोडी वाटली, पण तिन्हीसांजेला ती सकाळची तोडी कशाला वाजवेल म्हणून तो विचार सोडून दिला. इतकं तुटक येतं की राग ओळखणंही अवघड.

वाजवून झालं की ती विचारते, "आलं ना नीट?" मी म्हणते, "हो, खूप छान." हे तीन वर्षं चाललंय. आता मला ते जड जायला लागलंय.

मी करायचं ते सगळं करून पाहिलं. नवा फोन घेतला, चांगले ब्लूटूथ हेडफोन घेतले, नेटचा वेग वाढवला. त्याच हेडफोनवर गाणी ऐकते तेव्हा तंबोऱ्याची जवारी, तारांची ती गुंजसुद्धा कळते, आणि आईचा कॉल घेतला की तोच हेडफोन पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

आणखी दोन गोष्टी. मला तिच्याबरोबर गायचं असतं. लहानपणी ती वाजवायची, मी गायचे. कॉलवर ते जमत नाही, तिला माझा आवाज मागे पडलेला ऐकू येतो. ती माझ्यासाठी थांबते, मी तिच्यासाठी थांबते आणि लय बसतच नाही. दुसरं म्हणजे हल्ली बोलतानाही ती जराशी थांबून उत्तर देते. "बरी आहेस ना?" असं विचारलं की आधी शांतता, मग "हो, बरी आहे." तेवढ्या वेळात माझ्या मनात नको नको ते येऊन जातं.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. थोडं तांत्रिक असलं तरी चालेल, मी समजून घेईन.


अनुनाद

विरणाऱ्या सुराचं कारण नेटमध्ये नाही आणि फोनच्या किमतीतही नाही. कॉलचं सॉफ्टवेअर मुद्दाम तसं करतं.

कॉलची सगळी रचना एकाच गोष्टीसाठी असते, बोललेले शब्द समोरच्याला कळावेत. आजूबाजूचा पंखा, गाडीचं इंजिन, मशीनची घरघर काढून टाकायची असते. आता सॉफ्टवेअरला पंखा कोणता आणि माणूस कोणता हे कसं कळावं? पूर्वापार चालत आलेली खूण अशी की माणसाचं बोलणं सारखं चढत-उतरत असतं, सेकंदाला चार-पाच अक्षरं, मध्ये खाचा. पंख्याचा आवाज एकसारखा. म्हणून जो आवाज बराच वेळ एकसारखा राहतो तो 'गोंगाट' ठरतो आणि हळूहळू पुसला जातो. नव्या पद्धती माणसाचा आवाज ओळखायला शिकवलेल्या असतात, त्यांच्या लेखी जे बोलणं नाही ते सगळंच नको असतं.

तुमच्या आईने एक स्वर धरून ठेवला की तिच्या फोनला तो पंखा वाटतो. म्हणूनच पहिली दोन सेकंदं स्पष्ट येतात. तेवढा वेळ सॉफ्टवेअर ठरवत असतं. तानपुऱ्याची गत तर याहून वाईट, कारण अखंड एकसारखं राहणं हाच त्याचा धर्म.

याच्या जोडीला आणखी दोघं असतात. एक प्रतिध्वनी काढणारा: तुमचा आवाज तिच्या स्पीकरमधून निघून तिच्याच माईकमध्ये शिरू नये हे तो पाहतो. तुम्ही इकडे गुणगुणलात तरी तिकडची पेटी दाबली जाते ती याच्यामुळे. दुसरा आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारा: हळू वाजवलेलं वर ओढतो, जोरात वाजवलेलं खाली ढकलतो, मग वाजवण्यातला चढउतार राहतच नाही.

उपाय आहे, पण तो आईच्या बाजूला करायचा आहे, तुमच्या नाही. आवाज तिच्या फोनमध्येच छाटला जातो, तो तुमच्यापर्यंत निघतच नाही. इकडे कितीही चांगला हेडफोन लावला तरी न निघालेला सूर कुठून येणार?

झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाचं सेटिंग आहे, ते चालू करायचं. आयफोनवर फेसटाइम कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमध्ये माईक मोड दिसतो, त्यात 'वाइड स्पेक्ट्रम' निवडायचं. 'व्हॉइस आयसोलेशन' नेमकं उलटं करतं, ते टाळा. दुसरं कुठलं ॲप असेल तर सेटिंगमध्ये 'नॉइज सप्रेशन' किंवा 'नॉइज कॅन्सलेशन' असं काही दिसतं का पाहा. आणि दोघींनीही हेडफोन लावा, म्हणजे प्रतिध्वनीचा प्रश्नच उरत नाही आणि ते कामही बंद ठेवता येतं.

तुमच्या हेडफोनचं म्हणाल तर त्याची गोष्ट वेगळी. ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायची वाट एक आणि कॉलची दुसरी. गाण्याच्या वाटेवर आवाज फक्त तुमच्याकडे येतो, म्हणून तो भरपूर येऊ शकतो. कॉल लागला की हेडफोनचा माईक जागा होतो, आवाज दोन्हीकडे न्यावा लागतो आणि हेडफोन दुसऱ्या वाटेवर जातो. तिथे बहुतेक वेळा आवाजाचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुनेच, म्हणजे मोजमापंच, जातात. गाण्याच्या वाटेवर ते ४४,१०० किंवा ४८,००० असतात. पत्र्याचा डबा वाटतो तो यामुळे. वायरचा साधा हेडफोन लावा, लगेच फरक पडेल.


सांजवात

तिच्या बाजूला! तीन वर्षं मी माझ्या बाजूच्या वस्तू बदलत बसले. तिचा फोन जुना आहे, पण तो मी कधी हातातही घेतला नाही, मागच्या भेटीतसुद्धा.


तारषड्ज

अनुनाद यांनी नेमकं सांगितलंय. मी थोडं मागचं सांगतो.

जुना तारेचा टेलिफोन ३०० ते ३,४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढाच पट्टा न्यायचा. शब्द कळायला तेवढं पुरतं हे पाहूनच तो ठरला होता. १९७२ साली आवाज आकड्यांत बदलायचं प्रमाण ठरलं तेही याच पट्ट्याला धरून, सेकंदाला ८,००० नमुने, एकूण ६४ किलोबिट. माझ्या वडिलांचा आवाज खर्जातला होता. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो त्या तारेतून येतच नव्हता. तरी फोनवर ते मला त्यांच्याच खर्जात ऐकू यायचे. कारण मूळ स्वराच्या तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे वरचे स्वर पट्ट्यात बसत होते, आणि त्यांच्यातलं सारखं अंतर पाहून मेंदू पाया स्वतःच भरून काढतो. हे मी पुढे शिकलो. तेव्हापासून मनात एक गोष्ट राहून गेली आहे: इतकी वर्षं फोनवर ऐकलेला वडिलांचा तो खर्ज तारेने आणला नव्हता, तो माझ्या कानांनी आठवणीसारखा उभा केला होता.

वरच्या टोकाला मात्र मेंदूला असं काही करता येत नाही. 'स'चं सळसळणं बरंचसं ४,००० हर्ट्झच्या वर असतं. म्हणून जुन्या फोनवर नाव सांगताना "स, समईतला स" असं म्हणावं लागायचं, नाहीतर समोरचा 'फ' लिहून घ्यायचा.

आता ती सक्ती उरलेली नाही. २०१२ साली ओपस नावाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, प्रमाणित झाला. तो सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत चालतो आणि माणसाला ऐकू येणारा जवळजवळ सगळा पट्टा नेऊ शकतो. ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलसाठी तो अनिवार्यच आहे. म्हणजे पेटी नेण्याएवढी वाट केव्हाच रुंद झाली आहे. अडवणूक वाटेत होत नाही, दारात होते.


उंबरठा

एक वेगळी बाजू मांडते. सांजवात, आई थांबून उत्तर देते त्याला नेट हेच एक कारण धरून चालू नका.

माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही दोन वर्षं "कॉल खराब आहे" म्हणत राहिलो. तेही तेच म्हणायचे. वयाने कान जातात तेव्हा सहसा आधी वरचे स्वर जातात. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द धूसर होतात, कारण स, श, फ, त ही अक्षरं वरच्या पट्टीतली. मग माणूस वाक्याचा राहिलेला भाग अंदाजाने जुळवतो आणि नंतर उत्तर देतो. त्या जुळवण्याला वेळ लागतो. समोरासमोर असताना ओठ आणि चेहरा पाहून निभावतं, कॉलवर चित्र एवढंसं आणि तेही अडखळत येतं.

आम्हाला कळलं ते कसं, तर त्यांनी गाणी ऐकणं बंद केलं होतं. "हल्लीची रेकॉर्डिंगं पहिल्यासारखी नसतात," असं म्हणायचे, आणि लावायची ती चाळीस वर्षांपूर्वीचीच रेकॉर्डिंगं.

एकदा कानांची तपासणी करून घ्या. तासाभराचं काम आहे. श्रवणयंत्र लागलंच तर घेताना संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून द्यायला सांगा. श्रवणयंत्रंसुद्धा मुळात बोलणं उचलून धरायला बनवलेली असतात आणि तीही धरलेल्या सुराला गोंगाट समजतात. वडील श्रवणयंत्र लावून तंबोरा जुळवायला बसले तेव्हा तार छेडली की आवाज थरथरायचा. त्यांना वाटलं हात कापतोय. यंत्रात संगीताचा प्रोग्राम टाकल्यावर तो थरथराट गेला.


सांजवात

उंबरठा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मावसबहिणीला तिच्याबरोबर जायला सांगते.


अनुनाद

उंबरठा यांचं पटतं, तपासणी कराच. पण शांततेचा काही भाग नुसत्या अंतराचा असणार, आणि तो किती हे मोजता येतं.

आधी हिशेब. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १२,००० किलोमीटरला ६० मिलिसेकंद लागतात, जाऊन येऊन १२०. हे झालं केबल सरळ रेषेत असेल तर, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत नसतात. त्यावर आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करणं, ते पाठवणं, वाटेत मागेपुढे झालेले तुकडे पलीकडे थोडं थांबून जुळवणं, मग वाजवणं. एका बाजूचे दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज होतात. पूर्वी परदेशचे कॉल उपग्रहावरून जायचे तेव्हा याहून वाईट होतं. ते उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद.

आता बोलण्याची रीत पाहा. २००९ साली दहा भाषांचा एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट भाषेगणिक थोडी कमीजास्त असली तरी सगळ्या मिळून सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंदच निघाली. इतकी लहान की आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच उत्तर जुळवायला लागतो. या फटीची आपल्या कानांना लहानपणापासून सवय असते. ती दुप्पट-तिप्पट झाली की आपल्याला "नेट हळू आहे" असं जाणवत नाही, "हिला सांगायचं नाहीये" असं जाणवतं. तुमच्या आईने लगेच "हो, बरी आहे" म्हटलं तरी तुमच्यापर्यंत ते अर्ध्या सेकंदाहून उशिरा पोचतं. तिलाही तुमचं उत्तर तसंच उशिरा मिळत असतं. तीही तिकडे बसून काहीतरी मनात आणत असेल.

मोजायची पद्धत अशी. आईला सांगा, मी संथ लयीत टाळ्या वाजवते, तू ऐकून त्याच लयीत माझ्याबरोबर वाजव. चार-पाच टाळ्यांत ती लय पकडेल आणि तिला ऐकू येणाऱ्या टाळीवर तिची टाळी बरोबर पडायला लागेल. तुम्हाला मात्र ती उशिरा ऐकू येईल. हा उशीर म्हणजे जाऊन येऊन लागलेला वेळ. तुमच्या बाजूला दुसऱ्या फोनवर ते रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीत उघडा. हे मोफत सॉफ्टवेअर आहे. आवाजाचं चित्र दिसतं, त्यात दोन टाळ्यांमधलं अंतर मोजा. एका वेळी एकच टाळी मारून "ऐकलीस की वाजव" असं करू नका, त्यात तिचा प्रतिक्रियेचा वेळ मिसळतो.

एकत्र गाण्याबद्दल मात्र मला वाईट बातमी द्यावी लागतेय. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. दोघांनी लय धरून एकत्र वाजवायचं तर एका बाजूचा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या आत हवा. म्हणजे दोघं फार तर आठ-दहा मीटरवर बसल्यासारखं. तुमचा दीडशेचा उशीर म्हणजे आई पन्नास मीटरवर, मैदानाच्या पलीकडे. जॅकट्रिप, जॅम्युलस, सोनोबस ही एकत्र वाजवण्यासाठीच बनवलेली मोफत सॉफ्टवेअर आहेत. जॅकट्रिप स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालं. वायरचं नेट असेल आणि काहीशे किलोमीटरचं अंतर असेल तर ती फार छान चालतात. पण १२,००० किलोमीटर कुठल्याही सॉफ्टवेअरला पार करता येणार नाहीत. ६० मिलिसेकंदांची खालची मर्यादा काचेतल्या प्रकाशाच्या वेगाने घातलेली आहे.


जुनीकॅसेट

लाईव्हचा हट्ट सोडला तर हे सगळं सोपं आहे. आम्ही ते केलेलं आहे, इंटरनेटच्या कितीतरी आधी.

थोरला भाऊ परदेशी गेला तेव्हा फोन परवडायचा नाही, आणि लागला तर तीन मिनिटांत "आवाज येतोय का" यापलीकडे काही व्हायचं नाही. आम्ही कॅसेट पाठवायचो. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. एक बाजू घरातल्या सगळ्यांच्या बोलण्याची, दुसरी बाजू नुसत्या गाण्याची. आईचं ओव्या म्हणणं, माझा रियाज, बहिणीची परीक्षेची कविता. कॅसेट पोचून तिकडची कॅसेट यायला महिना जायचा. पण आलेली कॅसेट आम्ही दहा-दहा वेळा ऐकायचो. आजचा कॉल कोण दहा वेळा ऐकतं?

कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ साली फिलिप्सने आणली ती श्रुतलेखनाच्या, म्हणजे बोलण्याच्याच कामासाठी. ३.८ मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर चाल. संगीत त्यात पुढे शिरलं. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि छोट्या माईकमधून एकमेकांशी बोलता यायचं. पुढच्या मॉडेलमधून ते गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. भाऊ पहिल्यांदा परतला तेव्हा तो वॉकमन घेऊन आला होता. आई आणि तो एकेक हेडफोन लावून ओसरीवर बसले होते, दोघं काही न बोलता.

त्या कॅसेटी मी मागच्या वर्षी संगणकावर घेतल्या. ज्यांच्याकडे अशा असतील त्यांनी लांबणीवर टाकू नका. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांचं प्रमाण सेकंदाला किमान ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटचा असं आहे, तेवढंच ठेवा. आधी एकदा कॅसेट पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, स्पिरिटने पुसा. आवाज दबलेला वाटला तर हेडचा कोन चुकलेला असतो. त्याचा बारीक स्क्रू असतो, ऐकत ऐकत अगदी थोडा फिरवायचा. आणि मूळ फाईलवरची खरखर काढू नका. साफ केलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ प्रत तशीच राहू दे.

एक गोष्ट मला नव्याने ऐकू आली. फीत वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका वेढ्यातली चुंबकीय खूण शेजारच्या वेढ्यावर उमटते. त्यामुळे शांत जागी, शब्द यायच्या दीड ते तीन सेकंद आधी, तोच शब्द अतिशय पुसट ऐकू येतो. आईने "अरे बाळा" म्हणायच्या आधी फार लांबून कुणीतरी "अरे बाळा" म्हणतं. हा दोष आहे हे मला कळतं, पण मी तो काढलेला नाही.

सांजवात, तुम्ही असं करा. आईला फोनच्या साध्या रेकॉर्डरवर वाजवून रेकॉर्ड करायला सांगा, कॉल चालू नसताना. रेकॉर्डिंग तिच्या घरात होतं, मग नेटचा काहीच संबंध येत नाही. फोन पेटीवर ठेवू नये, भात्याचे आणि पट्ट्यांचे ठोके लाकडातून थेट माईकमध्ये जातात. हातभर लांब, घडी घातलेल्या चादरीवर ठेवावा. पंखा बंद. फाईल मेसेजमध्ये 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, व्हॉइस नोट करून नाही. व्हॉइस नोट बोलण्यासाठी असते आणि बारीक दाबलेली असते.

बरोबर गायचं असेल तर तिने सुरुवातीला चार टाळ्या देऊन वाजवावं. तुम्ही ते वायरच्या हेडफोनवर ऐकत गा आणि फक्त तुमचा आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला तिच्या टाळ्यांवर तुमच्याही चार टाळ्या द्या. ऑडॅसिटीत दोन्ही फायली एकाखाली एक ठेवून टाळीवर टाळी बसवली की झालं. तिला तयार गाणं पाठवा. तिने ऐकून पुढचं कडवं थोडं बदलून वाजवलं की तुम्ही पुन्हा गा.


तारषड्ज

याला एक जोड देतो. आईने पेटी वाजवताना शेजारी दुसऱ्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावू नये. मिसळलेला तानपुरा नंतर वेगळा काढता येत नाही. तो तुम्ही मागाहून तिच्या पट्टीत घाला. पेटीची पट्टी बदलत नाही, त्यामुळे तिच्याशी जुळवणं सोपं जातं. एकदा पेटीचा षड्ज नेमका किती हर्ट्झ आहे ते ट्यूनर ॲपवर पाहून लिहून ठेवा. जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या उतरलेल्या असतात.


सांजवात

तीन आठवड्यांनी लिहितेय. बरंच झालं मध्ये.

टाळ्यांचा प्रयोग केला. आईला आधी ते पोरखेळ वाटलं, मग तिने लय अशी धरली की मीच चुकले. चित्रात अंतर निघालं ४२० मिलिसेकंद. जवळजवळ अर्धा सेकंद. मी तिला ते समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटायचं तू कामात असतेस, मन दुसरीकडे असतं, म्हणून उत्तर उशिरा देतेस." अनुनाद, तुम्ही लिहिलं होतंत अगदी तेच. गेल्या रविवारी बोलताना मी घड्याळावरचा सेकंदकाटा बघत होते. शांतता आली की मनात म्हणायचे, ही केबलची. आता तिच्याकडे बघून बोलता येतं.

कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांत वरच्या पट्टीत कमतरता आहे, उजव्यात जास्त. उंबरठा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. संगीताच्या प्रोग्रामबद्दल मावसबहिणीने आधीच विचारून ठेवलंय.

आणि पहिली फाईल आली. अकरा मिनिटांची. वायरचा हेडफोन लावून ऐकली. आधी भात्याचा श्वास, मग पट्टी दाबल्याची लाकडी टकटक, मग सूर. तो विरला नाही. तिने धरून ठेवला तेवढा वेळ तो राहिला. स्वर लावायच्या आधी ती तो ओठांतल्या ओठांत म्हणते हे मला माहीतच नव्हतं. कॉलवर ते कधी आलं नाही, आणि लहानपणी मी स्वतःच मोठ्याने गात असायचे.

ऐकून झाल्यावर मी तिला फोन केला आणि खरं सांगितलं. तीन वर्षं मला नीट काहीच ऐकू आलं नाही, मी उगाच छान म्हणत होते. ती थोडा वेळ गप्प होती, आणि ही शांतता केबलची नव्हती. मग म्हणाली, "थांब, वही आणते."

तिच्याकडे वही आहे. दर रविवारी काय वाजवलं ते लिहून ठेवलेलं, पुन्हा तेच होऊ नये म्हणून. १४१ नोंदी. तारीख, राग, आणि पुढे दोन वेळा, तिच्याकडची आणि माझ्याकडची. तिने मला वहीचे फोटो पाठवले. जौनपुरी, तोडी, अहिरभैरव, देसकार, पुन्हा तोडी. एकूण एक सकाळचे राग. तिच्याकडे दिवे लागलेले असायचे आणि ती माझ्याकडे किती वाजलेत ते पाहून वाजवायची.

मी विचारलं, आता काय करायचं? म्हणाली, "काय करायचं म्हणजे? पहिल्यापासून वाजवते. दिवसाला एक."

कालपर्यंत ९ फायली आल्यात. प्रश्न आता एवढाच आहे की या कशा ठेवू? फोनमध्ये सगळ्यांची नावं 'रेकॉर्डिंग १', 'रेकॉर्डिंग २' अशी येतात.


तारषड्ज

तोडीची फाईल आली की सांगा. तिन्हीसांजेला वाजवलेली सकाळची तोडी ऐकायची फार इच्छा आहे, आईंची हरकत नसेल तर.


जुनीकॅसेट

नावात तारीख आधी, वर्षापासून सुरू करून: वर्ष, महिना, दिवस, मग राग. म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. वहीतली मूळ तारीखही नावातच घाला, नाहीतर दहा वर्षांनी कुठली फाईल कुठल्या रविवारची ते कळणार नाही. वहीच्या पानांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

फायली आधीच दाबलेल्या असतील तर तशाच ठेवा; न दाबलेल्या, म्हणजे वेव्ह (WAV) असतील तर फ्लॅक या प्रकारात बदलून ठेवा. आकार कमी होतो आणि आवाजातलं काहीच जात नाही. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. तुमच्या बाबतीत दुसऱ्या ठिकाणाची सोय आयतीच झाली आहे. आईच्या फोनमधल्या मूळ फायली मात्र जागा भरली म्हणून पुसू देऊ नका. मावसबहिणीला एक पेनड्राइव्ह घेऊन तिच्याकडे पाठवा.


सांजवात

ती उद्याच जातेय. उद्या दहावी नोंद, देसकार.